भाता थांबण्याआधी

विळीची धार गेली की हल्ली आपण नवी विळीच आणतो. लोहाराकडे जातं कोण? मैत्रिणींनो, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या हॅव्हरहिल या छोट्या गावात मॅथ्यू एडेल या लोहारानं १८८३ पासून १९४० मध्ये निधन होईपर्यंत भट्टी चालवली. त्याच्यामागे हत्यारं भंगारात गेली नाहीत, जागच्या जागी राहिली. पुढे राज्याच्या इतिहास संस्थेनं ते दुकान तसंच जपलं.

आपल्याकडे बचत गटाच्या कामात मी बघते, तो लालबुंद लोखंड सांडशीत धरतो, ती घण घालते. पण दुकान मात्र 'त्याचं'! ऐरण भंगारात जाण्याआधी तिचं कसब वहीत उतरवून घेऊया. आणि हो, तिला कामही देऊया.