चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

दारात स्वतःची मोटार असावी ही इच्छा आज अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली आहे. नवी गाडी परवडत नसेल तर वापरलेली गाडी हा सुज्ञ पर्याय ठरू शकतो. मात्र विक्रेत्याला दिलेली रक्कम हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. पुढचे हप्ते गॅरेजमध्ये भरावे लागतात आणि ते किती मोठे असतील, हे गाडीच्या पूर्वायुष्यावर अवलंबून असते.

या संदर्भात चेन्नईचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०१५ च्या आरंभी तेथे अतिवृष्टी झाली, चेम्बरम्बाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदीने काठ ओलांडला. सैदापेट, कोट्टूरपुरम यांसारख्या भागांत रस्त्यांवर व तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने त्याच आपत्तीची पुनरावृत्ती केली. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास गाडी पूर्ण हानी झालेली मानली जाते व पुढे तिचा लिलाव होतो. अशी एखादी गाडी रंगरंगोटी होऊन पुन्हा बाजारात येऊ शकते, तीही दुसऱ्याच शहरात. २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिलेल्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको.

पाण्याचे दुष्परिणाम दोन प्रकारचे असतात. बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान लगेच कळते. वायरिंगचे जोड, सेन्सर आणि बेअरिंग मात्र आतल्या आत गंजत राहतात. दिवे मध्येच बंद पडणे, गाडी वाटेत थांबणे अशा तक्रारी काही महिन्यांनी सुरू होतात आणि एक दोष दूर होतो न होतो तोच दुसरा उद्भवतो.

म्हणूनच खरेदीपूर्वी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग पाहावा, गालिचा व स्टेपनीची जागा तपासावी, दिव्यांच्या काचेत ओल आहे का ते न्याहाळावे. सर्व्हिसिंगच्या नोंदी व विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागावी. विश्वासू मेकॅनिकला दिलेले तपासणीचे शुल्क हा वायफळ खर्च नव्हे.

गाडी घेतल्यानंतर दोष उघड झाल्यास लेखी अंदाजपत्रक घ्यावे व बदललेले जुने भाग परत मागावेत. चेन्नईतील पुदुपेट बाजार जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. आरसा किंवा दरवाजा जुना चालेल, परंतु ब्रेक, स्टिअरिंग यांच्या बाबतीत काटकसर जिवावर बेतू शकते. अपेक्षित दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाजवळ पोहोचला, तर आजवर किती पैसे घातले याचा विचार न करता ती विकणे हिताचे. विकताना दोष सांगणे हे मात्र आपलेही कर्तव्य आहे.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. नोंदणीवर पूर्वीच्या कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ घ्यावा. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात, तर विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्या गाडीपेक्षा अधिक असतो. गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी हप्ता थांबत नाही. त्यामुळे हाती असलेली सर्व रक्कम खरेदीत न घालता काही भाग राखून ठेवावा आणि दरमहा आवर्ती ठेवीत थोडी भर टाकावी. दुरुस्तीची वेळ आली, तर मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशाला हात लावावा लागणार नाही.