कंपायलर मध्येच जागा का सोडतो?

विंडोजच्या ‘पेंट’मध्ये काढलेले चित्र बीएमपी म्हणून साठवले, की त्या फाइलच्या सुरुवातीला १४ बाइटची एक नोंद बसते. ‘बी’ आणि ‘एम’ या अक्षरांचे २ बाइट, फाइलच्या आकाराचे ४, दोन राखीव आकड्यांचे प्रत्येकी २ आणि चित्र नेमके कुठून सुरू होते हे सांगणारे ४. आता हीच नोंद याच क्रमाने सी भाषेत ‘स्ट्रक्चर’ म्हणून लिहा आणि ‘साइझऑफ’ला तिचा आकार विचारा. उत्तर येते १६. फाइलमधले बाइट कुणी थेट या साच्यात ओतले, तर आकाराचे पहिले दोन बाइट भलतीकडे जातात आणि प्रोग्राम चांगल्या चित्राला बिघडलेले ठरवतो.

ते जास्तीचे २ बाइट कंपायलरने ‘बीएम’च्या पुढे मुद्दाम घातलेले असतात. यालाच ‘पॅडिंग’ म्हणतात. प्रोसेसर मेमरीतून एकेक सुटा बाइट उचलत नाही; ठरावीक मापाचे गठ्ठे उचलतो. ४ बाइटचा आकडा ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला, तर तो एका गठ्ठ्यात येतो. नाहीतर चार जणांच्या कुटुंबाला रेल्वेत दोन बर्थ एका डब्यात आणि दोन पुढच्या डब्यात मिळाल्यासारखी त्याची गत होते: माणसे तेवढीच, पण गाठायला दोन फेऱ्या.

काही यंत्रांना तर दोन फेऱ्याही मान्य नव्हत्या. सी भाषा ज्या पीडीपी-११ वर वाढली, त्यावर दोन बाइटचा शब्द विषम पत्त्यावरून मागितला की यंत्र काम थांबवून तक्रार करी. मोटोरोला ६८००० चाही तोच खाक्या. इंटेलचे प्रोसेसर मात्र खपवून घेतात. हल्ली त्यांच्यावर असा वाकडा पत्ता सहसा फारसा महाग पडत नाही. आकडा ६४ बाइटच्या कॅश-ओळीची सीमा ओलांडतो तेव्हा मात्र दोन ओळी धुंडाळाव्या लागतात.

कंपायलरचा नियम सोपा आहे. प्रत्येक घटक आपल्या मापाला शोभेल अशा पत्त्यावर बसवायचा आणि शेवटी एकूण आकारही सर्वांत कडक घटकाच्या पटीत आणायचा. शेवटची ही भर फुकटची वाटते, पण स्ट्रक्चरची रांग लावली की दुसऱ्या नोंदीतला आकडाही जागेवर हवा ना! म्हणून ‘कॅर, इंट, कॅर’ या क्रमाची ६ बाइटची माहिती आजच्या नेहमीच्या संगणकांवर १२ बाइट खाते. ‘इंट’ पुढे आणून दोन्ही ‘कॅर’ शेजारी ठेवा, ८ बाइटमध्ये भागते. अशा दहा लाख नोंदी असतील, तर केवळ क्रम बदलून ४० लाख बाइट वाचले.

मग कंपायलर स्वतःच क्रम का बदलत नाही? सीचे प्रमाणक त्याला तशी मुभा देत नाही. घटक लिहिलेल्या क्रमानेच मेमरीत यायला हवेत. रस्ट भाषेचा कंपायलर हा बदल बिनदिक्कत करतो. मला सीचा हट्ट पटतो. उपकरणांशी आणि फाइलींशी थेट बोलणाऱ्या भाषेत लिहिलेला क्रम हाच करार असतो. पण मोकळ्या जागा किती, हे त्या करारात नाही. ‘इंट’ आणि ‘डबल’ यांची जोडी ३२-बिट लिनक्सवर १२ बाइटची, तर ३२-बिट विंडोजवर १६ ची होते.

मोकळी जागा नकोच असेल, तर कंपायलरला तसे बजावता येते. विंडोजच्या हेडर फाइलीत बीएमपीच्या नोंदीसाठी ‘प्रॅग्मा पॅक’चा असाच हुकूम आहे, म्हणून तिथे ती बरोबर १४ बाइटची राहते. हा हुकूम सगळीकडे लावत सुटणे मात्र घातक. अशा आवळलेल्या नोंदीतल्या आकड्याचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला, की ते बिचारे पत्ता सरळ आहे असेच गृहीत धरते. फाइल किंवा नेटवर्कच्या वेशीवरच आवळावे, आत नाही.

नेटवर्कवर ही अडचण पुन्हा १४ च्याच रूपाने येते. इथरनेटचे शीर्षक १४ बाइटचे, त्यामुळे मागचे आयपी शीर्षक वाकड्या पत्त्यावर पडते. जिथे हे महाग पडते, तिथे लिनक्स आलेले पॅकेट ठेवतानाच आधी २ बाइट रिकामे सोडतो.

रिकामे, पण कोरे नव्हे! पॅडिंगमध्ये काय असावे याची हमी सी देत नाही. तिथे आधीच्या कामाचा गाळ राहू शकतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा नोंदी जशाच्या तशा वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिल्या गेल्या आणि त्यांच्यासोबत कर्नलच्या मेमरीतले बाइटही बाहेर पडले; असे दोष वेळोवेळी दुरुस्त करावे लागले आहेत. ‘मेमसीएमपी’ने दोन स्ट्रक्चर ताडून पाहणारेही याच गाळात फसतात.

लिनक्सवर सी लिहीत असाल, तर ‘पाहोल’ हे मोफत साधन वापरून पाहा. प्रोग्राम डीबगच्या माहितीसह कंपाइल केलेला असेल, तर कोणत्या स्ट्रक्चरमध्ये कुठे किती बाइटचे भोक आहे, हे ते छापून देते.