विधेयकाचा कायदा होतो कसा?

● लोकसभा : ५४३ निवडून आलेले खासदार, मुदत ५ वर्षे. महाराष्ट्राचे ४८, गोव्याचे २.

● राज्यसभा : २४५ जागा, पैकी १२ राष्ट्रपतिनियुक्त. हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही. दर २ वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राचे १९, गोव्याचा १.

● वाटचाल : दोन्ही सभागृहांत तीन-तीन वाचने, मग राष्ट्रपतींची संमती. कौल बहुधा आवाजी मतदानाने. कोणी आव्हान दिले तरच मतविभाजन.

● धनविधेयक : लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत पाठवायचे. तिच्या शिफारशी स्वीकारायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते.

● घोडे अडलेच तर : संयुक्त बैठक. आजवर तीनच विधेयके अशी मंजूर झाली : १९६१ (हुंडाबंदी), १९७८ (बँक सेवा आयोग रद्द) आणि २००२ (पोटा). घटनादुरुस्तीला मात्र ही वाट बंद आहे.