बोडीची पाळ आणि बोडींतील वस्ती

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भातपिकाच्या जिल्ह्यांत गांवच्या मोठ्या जलाशयास तलाव म्हणतात, आणि शेतकऱ्यानें स्वतःच्या जमिनींत स्वतःच्या खर्चानें बांधलेल्या लहान तळ्यास बोडी म्हणतात. तलाव बांधण्याच्या कामीं कोहळी लोकांचा हात धरणारा या प्रांतांत दुसरा कोणी नव्हता. इ. स. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व १९५१ पासून गांवोगांवचे तलाव सरकारजमा झाले; परंतु वहितीच्या जमिनींतील बोड्या ज्याच्या त्याजकडेच राहिल्या. अर्थात् त्यांची डागडुजीही ज्याची त्यानेंच करावयाची आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं नेमकी तीच होत नाहीं.

बोडी लहान, तेव्हां तिचें भय तें काय, असा समज रूढ आहे. पण दहा फूट पाणी अडविणारी पाळ श्रावणांतील एका रात्रीं फुटली म्हणजे खालच्या बांध्यांतील रोवणी, धुरे आणि वरची कसदार माती एकदम जाते. खालीं दुसरी बोडी असल्यास तिचीही पाळ त्या लोंढ्यापुढें टिकेलच असें नाहीं.

मातीची पाळ बहुधा दोन रीतींनीं फुटते. पाणी तिच्या माथ्यावरून वाहतें, किंवा तिच्या पोटांतून वाट काढतें. पहिल्यास उपाय सांडव्याचा. सांडवा भरावाच्या मातींत कधींही काढूं नये. पाळीच्या एका टोकास अस्सल कठीण जमिनींत तो रुंद व उथळ काढावा, आणि त्याचा उंबरा पाळीच्या माथ्यापेक्षां निदान ३ फूट खालीं ठेवावा. मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडीं काट्या किंवा जाळी रोवणारे लोक आहेत. त्यांत पालापाचोळा अडकतो, तोंड बुजतें आणि पाणी माथ्यावर चढतें. चार शेर माशांसाठीं सबंध पाळ पणास लावण्याचा हा व्यवहार आम्हांस तरी उमगत नाहीं.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण तो आंतल्या आंत चालतो. यास्तव नवी पाळ घालतांना वरचें गवत, मुळ्या व भुसभुशीत माती काढून टाकावी, मधोमध घट्ट थर लागेपर्यंत चर खणावा व तो चिकण मातीनें भरावा. भर सहा सहा इंचांच्या थरांनीं घालून प्रत्येक थर ओलवून चोपावा. नुसत्या काळ्या मातीची पाळ उन्हाळ्यांत तडकते. म्हणून चिकण माती पोटांत व मुरूममिश्रित माती बाहेर, हा क्रम चांगला. पाण्याकडील उतार १ फूट उंचीस ३ फूट व बाहेरील २ फूट असल्यास पाळ घसरण्याची धास्ती कमी.

पायथ्याशीं ओल दिसली म्हणून घाबरून जाऊं नये. मातीची पाळ थोडीफार झिरपणारच. झिरपणारें पाणी कांचेच्या पेल्यांत धरून पाहावें. तें निवळ असेल तर नजर ठेवणें पुरे. गढूळ असेल तर पाळीची माती वाहून येत आहे असें समजून तत्काळ मोरी उघडावी, बोडीचें पाणी उतरवावें, खालच्या शेजाऱ्यांस वर्दी द्यावी, आणि झरा फुटला असेल त्या ठिकाणीं आधीं वाळू व तिजवर खडी घालून तो दाबावा. चिखलानें बुजवूं नये. कोंडलेलें पाणी दुसरीकडे तोंड काढतें.

पाळीवर हराळी असावी, झाड नसावें. झाड वाळलें कीं मुळ्या कुजून मातींत नळ्या पडतात; म्हणून रोप उगवतांच उपटावें, आणि जुना वृक्ष असेल तर तो जाणत्यास दाखविल्यावांचून तोडूं नये. खेकड्यांचीं व उंदरांचीं बिळें पाऊस लागण्यापूर्वीं खणून, माती चोपून बंद करावीं.

मालकाच्या जबाबदारीविषयीं दोन जुने निकाल ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. इंग्लंडांत रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या खटल्यांत खाजगी तळ्याचें पाणी शेजाऱ्याच्या खाणींत शिरलें, तेव्हां मालकाची स्वतःची हयगय नसतांही भरपाई त्याच्यावर बसली. उलट मद्रास इलाख्यांत कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे जुने तलाव फुटून रेल्वेचें नुकसान झालें, त्यांत प्रिव्ही कौन्सिलानें १८७४ सालीं जमीनदारास जबाबदार धरलें नाहीं; कारण तलाव राखणें हें त्याचें कर्तव्यच होतें व त्याची हयगय शाबीत झाली नव्हती. हयगय शाबीत होऊं नये अशी इच्छा असणारानें वरील कामें वेळेवर केलेलीं बरीं.

आतां बोडींतील वस्तीविषयीं. तिचा उपयुक्त भाग पाळीजवळचें खोल पाणी नव्हे, तर समोरच्या बाजूची उथळ कड होय. तेथें पोयणी, देवधान व पाण्यांतील गवतें वाढतात. मरळ त्यांतच अंडीं घालून पिलांची राखण करते. कमळपक्षी, टिबुकली व अडई तेथेंच विणीस येतात. म्हणून गाळ काढतांना सारें पात्र एका उन्हाळ्यांत खरवडूं नये. अर्धें यंदा, अर्धें पुढील सालीं. पाळीच्या पायथ्याशीं तर खणूंच नये. गवत्या मासा सोडल्यास तो पाणवनस्पतींचा फडशा पाडतो, आणि बेशरमाचें झुडूप एकदां शिरलें कीं ही सारी कड गिळतें. तें फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटणें हाच उपाय.

महाराष्ट्रांत सारसाची वीण आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत व त्यालगतच्या भागांत होते. ही जोडी पावसाळ्यांत बोडीच्या उथळ पाण्यांत, कित्येकदां धानाच्या बांधींतच, गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडीं घालते. चार हात जागेंतील धान तुडविलें जातें म्हणून घरटें मोडणारे शेतकरी आहेत. त्यांची तक्रार खोटी नाहीं. पण नुकसान तेवढेंच, आणि अंडीं उबण्यास महिनाभरच लागतो. पिलें बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत आईबापांमागें चालूं लागतात व रिकामें घरटें बांधींतच कुजून जातें.