प्रवचनातून लोकसभेकडे

इंदूरचा राजवाडा पाहून थोडे पुढे गेले की कृष्णपुरा लागतो. कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. मी तेथे गेले तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांत मराठी कानावर पडत होती आणि पुढच्याच वाक्याला ती हिंदीत शिरत होती. आपल्याकडे मराठी-कन्नडची जशी सरमिसळ चालते, अगदी तशीच! अशा दुभाषी शहराने एका मराठी सुनेला आठ वेळा लोकसभेत पाठवले. त्या म्हणजे सुमित्राताई महाजन.

ताईंचा जन्म १२ एप्रिल १९४३ रोजी चिपळूणचा. माहेरचे आडनाव साठे. १९६५ मध्ये इंदूरच्या जयंत महाजन या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर शिक्षण संपते, हा तेव्हाचा रिवाज. पण त्यांनी सासरी राहून एम.ए. आणि एलएल.बी. या दोन्ही पदव्या मिळवल्या. राजकारणात येण्याआधी लोक त्यांना ओळखत ते रामायणावरील प्रवचनांमुळे.

प्रवचनाला करमणूक म्हटले तर काहीजण रागावतील. पण श्रोत्यांना तासभर बसवून ठेवणे ही कलाच आहे. आपल्या भागात मराठी कीर्तन आणि कन्नड हरिकथे दोन्ही ऐकलेल्या आजी अजून आहेत. त्यांना हे सांगायला नको. निरूपणात आधी वचन घ्यायचे, मग त्याचा अर्थ लावायचा, दाखला द्यायचा आणि शेवटी श्रोत्याला पटवायचे. कोर्टातला युक्तिवाद तरी याहून वेगळा काय असतो? कायद्याच्या शिक्षणाने त्या बोलण्याला नेमकेपणा दिला असावा, असे मला वाटते.

१९८२ मध्ये ताई इंदूर महापालिकेत गेल्या आणि १९८४-८५ मध्ये उपमहापौर झाल्या. १९८५ ची विधानसभा निवडणूक मात्र त्या हरल्या. त्यांनी मैदान सोडले नाही. १९८९ मध्ये भाजपच्या उमेदवार म्हणून त्यांनी माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. पुढे २०१४ पर्यंतच्या आठही निवडणुका त्यांनी त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातर्फे जिंकल्या. वाजपेयी सरकारात त्या राज्यमंत्री होत्या.

६ जून २०१४ रोजी त्या लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या. मीरा कुमार यांच्यानंतरच्या दुसऱ्या महिला अध्यक्षा. आयुष्यभर बोलून जिंकलेल्या बाईला आता इतरांना बोलू द्यायचे होते, गप्पही करायचे होते. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केले. विरोधकांनी कडाडून टीका केली. समर्थकांनी त्याला शिस्त म्हटले. त्या आसनावर बसणाऱ्याला सर्वांची टाळी कधीच मिळत नाही, हे मात्र खरे. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. २०२१ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला.

माझ्या वर्गातल्या मुली पुष्कळदा म्हणतात, "मॅडम, आमची मराठी धड नाही, कन्नडही धड नाही." आणि वक्तृत्व स्पर्धेचा कागद पुढे आला की माना खाली जातात. मला तेव्हा इंदूर आठवते. तिथले हिंदी भाषक मतदारही महाजनांना 'ताई'च म्हणतात. घरातला मराठी शब्द त्यांनी उंबऱ्याबाहेर नेला आणि बाहेरच्यांनी तो आपला मानला. आपल्याकडे ताई आणि अक्का एकाच अंगणात नांदतात. मग संकोच कशाचा?

वाचकहो, राजकीय मते ज्याची त्याला. पण घरात एखादी मुलगी गणपतीत, हरिकथेत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात धीटपणे बोलत असेल, तर "पुरे आता" म्हणून तिला खाली बसवू नका. आणि लग्न ठरले म्हणून तिची पदवीही अर्ध्यावर सोडू देऊ नका.