अंगण नाही, मग कुंपण कुठं?

कुत्रा पाळायचा तर आधी अंगण हवं आणि अंगणाला पक्कं कुंपण हवं, असं कुठं वाचलं की आम्हा हिंदमाताच्या बायकांना हसूच येतं. आमचं अंगण म्हणजे चाळीची गॅलरी! वाळवण तिथंच, गप्पा तिथंच आणि पोरांचं क्रिकेटही तिथंच. तरी या भागातल्या चाळींतून एखादं कुत्रं दिसतंच. आमची चिंगी त्यातलीच. रस्त्यावरून घरात आलेली, गावठी, अंगानं शेलाटी आणि पायांना भिंगरी! तिच्यासाठी कुंपण शोधताना जे पाहिलं, विचारलं, ते तुमच्यापुढं ठेवते.

पहिला प्रश्न, कुंपण घालायचं कुठं? गॅलरी सगळ्यांची. जाळी मारून तिचा तुकडा आपला करणं बरं नव्हे. उद्या आग लागली किंवा कुणाला उचलून खाली न्यायची वेळ आली, तर वाट तेवढी एकच. म्हणजे आपलं कुंपण आपल्याच दाराच्या चौकटीत. घरात रांगतं बाळ असलं की आपल्या आया-आज्या दारात आडवी फळी लावायच्या, आठवतंय ना? कल्पना तीच, फक्त उंची वाढवायची. बुटक्या, शांत कुत्र्याला तीन फुटी फाटक चालतं. पण गावठी कुत्री अशा फाटकावरून सहज उडी मारतात. त्यांच्यासाठी पूर्ण उंचीचं गजांचं दारच हवं.

गज उभे घ्या. आडव्या पट्ट्या म्हणजे कुत्र्याला आयती शिडी! दोन गजांमधली फट मात्र डोळ्यांच्या अंदाजानं ठरवू नका, टेप लावा. कुत्र्याच्या डोक्याची रुंदी मोजा आणि फट त्याच्या निम्मी ठेवा. पिल्लू जिथून डोकं काढतं तिथून बहुधा अंगही काढतं. मोठ्याचं तर आणखी वाईट, डोकं बाहेर जातं आणि मागं येत नाही. शिवाय शेजारची लहान मुलं कौतुकानं गजांतून हात घालतात. म्हणून खालच्या दोन फुटांना पत्रा किंवा बारीक जाळी लावून घ्या. जाळीची कापलेली टोकं आतल्या बाजूला राहिली नाहीत ना, हे स्वतः हात फिरवून बघा. पंजा फाटायला एक टोक पुरे.

आता वस्तू कोणती? कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी कुत्र्यासाठी बिनकामाची. कुरतडायला त्याला वेळ लागत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि दातांनाही गोड लागतं. लोखंड मजबूत, पण आपल्या खाऱ्या हवेत वर्षा-दोन वर्षांनी रंग मागतं. स्टीलला खर्च जास्त, कटकट कमी. वेल्डिंगवाल्याला नुसतं ‘सेफ्टी डोअर’ सांगू नका. कुत्र्यासाठी आहे, हे स्पष्ट सांगून फटीचं माप कागदावर लिहून द्या.

गॅलरीच्या कठड्याकडेही एकदा नजर टाका. चपलांचा स्टँड, पाण्याचं पिंप, तुळशीची कुंडी यांपैकी काय काय कठड्याला टेकून आहे? यावर चढून कुत्रं कठड्यावर जाऊ शकतं. हे सामान भिंतीकडं सरकवायला एक पैसाही लागत नाही.

“एवढा खटाटोप कशाला? साखळीनं बांधून ठेवायचं,” असं चाळीतलं कुणी ना कुणी म्हणतंच. पण कठड्याजवळ बांधलेल्या कुत्र्यानं कबुतरामागं उडी घेतली तर ते पलीकडं लटकतं आणि गळ्याला फास बसतो. कायद्यालाही हे मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की, प्राण्याला आखूड किंवा जड साखळीनं तासन् तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हासुद्धा!

आणि साखळीचा खरा धोका हिंदमाताच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. आमचा भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि समुद्राला भरती एकत्र आली की पाण्याला जायला वाटच नसते. २६ जुलै २००५ कोण विसरेल? पुढे २०२१ पासून दादरला प्रमोद महाजन उद्यानात आणि परळला सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली पाण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या. तरी २०२५ च्या मे महिन्यात हिंदमाताला पाणी भरलंच. अशा दिवशी आपण ऑफिसात अडकलेलो, लोकल बंद आणि कुत्रं घरात बांधलेलं. मग? माणूस खाटेवर तरी चढेल, बांधलेल्या जिवानं काय करायचं?

म्हणून मी म्हणते, कुंपण निवडताना ते किती घट्ट बंद होतं हे बघाच, पण आपण घरी नसताना ते कोण उघडेल, हेही त्याच वेळी ठरवा. कडी अशी हवी की कुत्र्याच्या पंजानं उघडणार नाही, पण शेजारच्या काकूंना अंधारात एका हातानं उघडता येईल. कुलूप लावणार असाल तर दुसरी किल्ली वरच्या मजल्यावर द्या. आणि किल्ली देऊन थांबू नका. त्या घरच्या माणसांशी कुत्र्याची ओळख करून द्या, आठवड्यातून एकदा त्यांच्या हातून बिस्किट द्या. अनोळखी माणसाच्या मागं घाबरलेलं कुत्रं जिना चढत नाही.

तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो कुत्र्यांनाही होतो, तेव्हा पावसाळ्याआधी लस चुकवू नका. आपल्या परळला बैलघोड्याचं हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहेच. ज्या संस्थेचं ते आहे, तिची स्थापना १८७४ ची. गिरण्यांच्या काळापासून मुक्या जनावरांची काळजी घेणारी ही वस्ती आहे, मैत्रिणींनो!

मे महिना लागला की आपण छत्र्या काढतो, पत्र्यावर ताडपत्री घालतो. त्याच यादीत आणखी दोन कामं लिहून ठेवा. फाटकाच्या बिजागरीला तेल आणि शेजारी दिलेली किल्ली अजून लागते ना, ते लावून बघणं.