लेंडीवरून कळते हंगुलाची कुंडली

श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात काश्मीरचा हंगूल दिसणं नशिबाची गोष्ट. लेंड्या मात्र सापडतात. लेंडीवर हरणाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतल्या डीएनएवरून नर की मादी, एकच हरीण दोनदा मोजलं का, हे प्रयोगशाळेत कळतं. पानांच्या उरल्यासुरल्या डीएनएवरून जेवणाचा बेतसुद्धा! बिचाऱ्याला बेशुद्ध करायला नको, पकडायला नको.

विसाव्या शतकाच्या आरंभी हजारोंनी असलेले हंगूल २००४च्या गणनेत १९७ भरले, २०२३मध्ये २८९. इतक्या थोड्यांत नात्यातल्या नात्यात संबंध होतात, पिल्लं अशक्त निपजण्याची भीती वाढते. म्हणूनच नुसती डोकी मोजून भागत नाही. डीएनएनं आणखी एक उलगडा केला : हंगुलाचं जवळचं नातं युरोपातल्या लाल हरणाशी नसून मध्य आशियातल्या बुखारा नि यारकंदच्या हरणांशी आहे. बाहेरून सोयरीक जमवायची वेळ आलीच, तर स्थळ तिकडेच शोधावं लागेल.